विश्लेषण : उर्दू वृत्तपत्र मोबाइलवर आले, वाचक आणि जुने अंक सोबत आले का?

खडकी : मुंबईत १९३८ मध्ये सुरू झालेले ‘इन्किलाब’ हे उर्दू दैनिक आज खडकी बाजारातल्या वाचकाला फोनवर उघडता येते. त्यासाठी पेपरवाल्याची वाट पाहावी लागत नाही. वरवर पाहता ही साधी गोष्ट आहे. मराठी, इंग्रजी, गुजराती दैनिकांचेही असेच झाले. पण मुस्लिम समाजातल्या वृत्तपत्रांचा छापखान्यापासून पडद्यापर्यंतचा प्रवास वेगळा झाला. तो उशिरा झाला आणि त्यात काही गोष्टी मागे राहिल्या. त्याचे कारण जितके पैशात आहे तितकेच लिपीतही आहे.

हातात कागद असताना न पडणारे दोन प्रश्न आता समोर आहेत. उर्दू लिपी न शिकलेल्या पिढीला घरातले वृत्तपत्र कसे वाचता येणार? आणि छापील अंक बंद झाला तर त्या समाजाचा रोजचा इतिहास कुठे सापडणार?

मुस्लिम समाजाचे वृत्तपत्र म्हणजे उर्दू वृत्तपत्रच का?

तसे समजले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुस्लिमांची संख्या सुमारे १ कोटी ३० लाख, म्हणजे लोकसंख्येच्या साडेअकरा टक्के होती. त्याच जनगणनेत राज्यात उर्दू ही मातृभाषा सांगणारे सुमारे ७५ लाख होते. म्हणजे राज्यातल्या दहा मुस्लिमांपैकी साधारण चौघांनी उर्दू ही मातृभाषा नोंदवलेली नाही. कोकणातली मुस्लिम घरे कोकणी-मराठी बोलतात, बोहरा व खोजा समाजात गुजराती चालते, मेमन घरांत मेमणी. दख्खनी बोलणाऱ्या अनेकांची नोंद कधी उर्दूत होते, कधी हिंदीत.

उलट बाजूने पाहिले तर उर्दू पत्रकारिता एकट्या मुस्लिमांची कधीच नव्हती. देशातले पहिले उर्दू वृत्तपत्र ‘जाम-ए-जहाँनुमा’ २७ मार्च १८२२ रोजी कोलकात्यात निघाले. ते काढणारे हरिहर दत्त होते आणि संपादक सदासुख लाल. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ मुंबईत निघाले ते त्यानंतर जवळपास दहा वर्षांनी, ६ जानेवारी १८३२ रोजी. फाळणीनंतरही ‘हिंद समाचार’, ‘मिलाप’, ‘प्रताप’ ही उर्दू दैनिके हिंदू मालक-संपादकांनी चालवली.

तरीही महाराष्ट्रात मुस्लिम मोहल्ल्यातले वर्तमानपत्र म्हटले की डोळ्यांपुढे उर्दू दैनिक येते. रमजानमधल्या सहेरी-इफ्तारच्या वेळा, हजच्या बातम्या, उर्दू शाळांचे निकाल, दंगलीनंतरच्या मदतीच्या याद्या, मुशायऱ्यांच्या जाहिराती, निधनवार्ता या गोष्टी दुसरीकडे एकत्र मिळत नव्हत्या. मोठ्या दैनिकात ज्यांना चार ओळी मिळत, त्यांना इथे अर्धे पान मिळे.

मुंबईच्या उर्दू दैनिकांचा इतिहास काय सांगतो?

मुंबई हे उर्दू पत्रकारितेचे जुने केंद्र आहे. गिरण्यांत कामाला आलेला उत्तर भारतीय मुस्लिम, मदनपुऱ्यातला विणकर, गोदीतला कामगार, सिनेमासाठी लिहिणारा शायर असा वाचक इथे एका शहरात होता. खिलाफत चळवळीचे केंद्र असलेले भायखळ्याचे खिलाफत हाऊसही इथेच. पुढे रुसी करंजिया यांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाचीही उर्दू आवृत्ती निघाली. ख्वाजा अहमद अब्बास तीत ‘आझाद कलम’ हे सदर लिहीत.

स्वातंत्र्यसैनिक अब्दुल हमीद अन्सारी यांनी १९३८ मध्ये ‘इन्किलाब’ सुरू केले. त्यांचे पुत्र खालिद अन्सारी यांनी १९७९ मध्ये ‘मिड-डे’ हे इंग्रजी सायंदैनिक काढले. म्हणजे मुंबईकरांच्या लोकलमधल्या त्या इंग्रजी पेपरचे मूळ एका उर्दू दैनिकाच्या घरात आहे. २०१० मध्ये या समूहाचा वृत्तपत्र व्यवसाय ‘दैनिक जागरण’ चालवणाऱ्या जागरण प्रकाशनाकडे गेला आणि त्यासोबत ‘इन्किलाब’ही गेले. नंतर दिल्ली आणि उत्तर प्रदेशातही त्याच्या आवृत्त्या निघाल्या.

या व्यवहाराकडे दोन्ही बाजूंनी पाहिले जाते. समाजातल्या एका कुटुंबाने उभे केलेले वर्तमानपत्र हिंदी समूहाच्या मालकीचे झाले, ही एक बाजू. त्या समूहाची छपाई, वितरण, जाहिरात विभाग आणि संगणक यंत्रणा उर्दू दैनिकाला मिळाली, ही दुसरी. ऑनलाइन जाताना हे बळ उपयोगी पडते. एकट्याने दैनिक चालवणाऱ्या मालेगाव, औरंगाबाद किंवा नांदेडच्या संपादकाकडे ते नसते.

कातिब कोण होता आणि छपाई इतकी अवघड का होती?

मराठी अक्षरे शिरोरेघेला धरून एका ओळीत सरळ चालतात. उर्दू ज्या नस्तालीक वळणात लिहिली जाते, त्यात शब्द उजवीकडून डावीकडे जाताना वरून खाली तिरका उतरतो. शिवाय अक्षराचे रूप शेजारच्या अक्षरावर ठरते. तेच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एक दिसते, मध्ये वेगळे, शेवटी आणखी वेगळे. आपल्या जोडाक्षरांची जी अडचण आहे, ती इथे जवळजवळ प्रत्येक अक्षराला आहे. त्यामुळे शिशाचे सुटे खिळे जुळवून नस्तालीक छापणे कधी नीट जमलेच नाही.

यावरचा तोडगा म्हणजे कातिब. सुंदर हस्ताक्षराचे शिक्षण घेतलेला हा माणूस बोरूने अख्खे पान हाताने लिहीत असे. लेप दिलेल्या कागदावर खास शाईने लिहिलेला मजकूर दगडावर उतरवायचा आणि त्यावरून छापायचे, ही शिळाछापाची पद्धत. मराठीतही गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाछापावर पुस्तके आणि पंचांगे छापली होती. पण जावजी दादाजींच्या ‘निर्णयसागर’सारख्या छापखान्यांनी देखणे खिळे पाडले आणि मराठी पुढे गेली. उर्दू मात्र कातिबाच्या हातावरच राहिली. नंतर ऑफसेट आले तेव्हा दगड गेला, पण कातिब राहिला. त्याने लिहिलेल्या पानाचा फोटो काढून त्याची प्लेट बनू लागली, एवढाच फरक पडला.

खिळ्यांचा प्रयोग कोणी केला नाही असे नाही. मौलाना अबुल कलाम आझाद यांनी जुलै १९१२ मध्ये कोलकात्यात सुरू केलेले ‘अल-हिलाल’ खिळ्यांवर छापले जाई आणि त्यात छायाचित्रेही असत. पण त्याचे वळण नस्तालीकचे नव्हते. बहुतेक वाचकांना त्यात उर्दूचा गोडवा वाटला नाही आणि ती वाट पुढे रुळली नाही.

कातिबाच्या हस्ताक्षरावर वर्तमानपत्र चालण्याचे परिणाम दूरवर गेले. चांगल्या कातिबाला एक पान लिहायला काही तास लागत. रात्री उशिराची बातमी घ्यायची तर लिहिलेल्या पानात आधीच जागा सोडावी लागे. चूक झाली तर तेवढा तुकडा लिहून चिकटवायचा. पाने कमी, पुरवण्या कमी, आवृत्त्या कमी, म्हणून जाहिरातीही कमी. उर्दू दैनिके चार-सहा पानांत अडकून राहिली, त्यामागे पैशाइतकाच हा हाताचा वेगही होता. चेन्नईचे ‘द मुसलमान’ हे १९२७ मध्ये सुरू झालेले चार पानी सायंदैनिक तर एकविसाव्या शतकातही हाताने लिहिले जात होते. त्याची किंमत होती ७५ पैसे.

संगणक आल्यावर काय बदलले?

१९८१ मध्ये पाकिस्तानातील मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीच्या मदतीने ‘नूरी नस्तालीक’ हे संगणकी वळण प्रत्यक्षात आणले. त्यांची युक्ती अशी होती की सुटी अक्षरे जोडत बसण्याऐवजी उर्दूत वारंवार येणारे हजारो अक्षरगट हाताने लिहून साठवायचे आणि यंत्राने ते गट ओळीत बसवायचे. त्याच वर्षी ‘जंग’ दैनिकाने ते वापरले.

भारतात हा बदल घरोघरी नेला तो दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअरने १९९४ मध्ये आणलेल्या ‘इनपेज’ने. साध्या संगणकावर उर्दूचे पान लावता येऊ लागले. मुंबईपासून नांदेडपर्यंतच्या कार्यालयांत काही वर्षांतच बोरूची जागा कीबोर्डने घेतली. पानांची संख्या वाढली, रंग आले, रात्रीची बातमी सकाळी छापून येऊ लागली.

याची किंमत कातिबांनी मोजली. काहींनी इनपेज शिकून घेतले, काही लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्या लिहू लागले. मराठी छापखान्यातल्या खिळे जुळाऱ्यांवर जी वेळ आली, तीच यांच्यावर आली. फरक इतकाच की कातिबाचे काम नुसते जुळवण्याचे नव्हते, ती एक कला मानली जाई.

मग ऑनलाइन जायला अडचण काय होती?

इथे या कहाणीचा मुख्य पेच आहे. इनपेजमध्ये टाइप केलेला मजकूर त्याच्या स्वतःच्या संकेतांत साठत असे. तो जसाच्या तसा वेबसाइटवर टाकता येत नव्हता. मराठी वाचकांना हे समजायला सोपे जाईल. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी वेबसाइट उघडली की आधी फाँट उतरवून घ्यावा लागे, नाहीतर चौकोन आणि खुणाच दिसत. उर्दूत हा त्रास दुप्पट होता. युनिकोडमध्ये उर्दू अक्षरे सुरुवातीपासून होती, पण ती पडद्यावर नस्तालीक वळणात दाखवणारे चांगले फाँट नव्हते. दिसे ते अरबी छापाचे नस्ख वळण. उर्दू वाचकाला ते वाचता येते, पण आपले वाटत नाही.

म्हणून अनेक उर्दू वृत्तपत्रांनी सोपा मार्ग घेतला. त्यांनी बातमीचे चित्र करून वेबसाइटवर लावले. वाचकाला छापल्यासारखे सुंदर नस्तालीक दिसे. पण संगणकाच्या लेखी ते नुसते चित्र होते. त्यातला एकही शब्द गूगलला सापडत नव्हता, कॉपी होत नव्हता, अंध वाचकासाठी मोठ्याने वाचून दाखवता येत नव्हता. ज्या वर्षांत जगभरची वृत्तपत्रे शोधयंत्रांतून नवे वाचक मिळवत होती, त्याच वर्षांत उर्दू पाने इंटरनेटवर असूनही तिथे नसल्यासारखी होती.

हे चित्र साधारण २०१२ नंतर बदलले. विंडोज ८ सोबत नस्तालीक वळणाचा फाँट आला. २०१४ मध्ये गूगलने ‘नोटो नस्तालीक उर्दू’ हा मोफत फाँट दिला. पुढच्या काही वर्षांत फोनवरही नस्तालीक नीट दिसू लागले. इनपेजनेही युनिकोडशी जुळवून घेतले. आज ‘इन्किलाब’च्या वेबसाइटवरची बातमी शोधता येते, व्हॉट्सअॅपवर मजकूर म्हणून पाठवता येते. नांदेडच्या ‘वरक-ए-ताजा’सारख्या जिल्हा पातळीवरच्या उर्दू दैनिकानेही ऑनलाइन बातम्यांचा मार्ग धरला.

इथे ई-पेपर आणि वेबसाइट यांतला फरक लक्षात ठेवायला हवा. ई-पेपर म्हणजे छापील पानाचे चित्र. वेबसाइट म्हणजे सुटा, शोधता येणारा मजकूर. फोनवर दोन्ही दिसतात, पण दहा वर्षांनी एखादी बातमी शोधायला गेलो तर दुसरी सापडण्याची शक्यता जास्त असते.

छापील अंक पूर्ण बंद करण्याची वेळ का येते?

लिपीची अडचण नसलेल्यांवरही ही वेळ आली, हे दिल्लीच्या ‘मिल्ली गॅझेट’वरून दिसते. डॉ. जफरुल इस्लाम खान यांनी जानेवारी २००० मध्ये सुरू केलेले हे इंग्रजी पाक्षिक भारतीय मुस्लिमांचे इंग्रजी वृत्तपत्र म्हणून ओळखले जाई. उर्दू न वाचणारी शिकलेली पिढी, परदेशात गेलेली कुटुंबे, संशोधक आणि मुस्लिमेतर पत्रकार हा त्याचा वाचक होता. हे पाक्षिक मोठ्या भांडवलाशिवाय चालले. सुमारे १७ वर्षांनी, डिसेंबर २०१६ मध्ये त्याचा छापील अंक थांबला आणि ‘मिल्ली गॅझेट’ फक्त ऑनलाइन राहिले.

त्याच वर्षी मार्चमध्ये त्याने आयुष मंत्रालयाच्या नोकरभरतीविषयी एक बातमी छापली होती. मंत्रालयाने बातमीचा आधार असलेले कागद बनावट असल्याचे सांगितले आणि प्रकरण पोलीस व प्रेस कौन्सिलपर्यंत गेले. छोट्या पाक्षिकाला असा वाद झेपवायचा तर वकील, वेळ आणि पैसा तिन्ही लागतात. मोठ्या समूहांकडे त्यासाठी वेगळा विभाग असतो, इथे संपादकच सगळे असतो.

खर्चाचे गणित सगळ्याच लहान वृत्तपत्रांचे सारखे आहे. कागद, छपाई आणि टपाल यांचा खर्च अंकाच्या किमतीतून निघत नाही. तो जाहिरातींतून निघावा लागतो. आयात वृत्तपत्र कागदावर जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात १० टक्के सीमाशुल्क लागले. फेब्रुवारी २०२० मध्ये ते ५ टक्के झाले. मोठ्या दैनिकांनी पाने कमी करून हा भार पेलला. आठ पानांच्या दैनिकाने कोणते पान कमी करायचे?

ऑनलाइन गेल्यावर कागदाचा खर्च वाचतो हे खरे. पण वर्गणीदारही जातो. टपालाने अंक मागवणारा माणूस वर्षाचे पैसे आधी भरत असे. वेबसाइटवर तोच माणूस फुकट वाचतो. जाहिरातीचा दर वाचकसंख्येवर ठरतो आणि त्यातला मोठा वाटा शोधयंत्रे व समाजमाध्यमांकडे जातो. त्यामुळे छापील अंक बंद केल्याने तोटा थांबतो, पण उत्पन्न आपोआप सुरू होत नाही. अनेक लहान पत्रांच्या वेबसाइट दोन-तीन वर्षांत थंड पडतात, त्याचे कारण हेच.

करोनाकाळाने काय केले?

जे दहा वर्षांत हळूहळू झाले असते ते काही आठवड्यांत झाले. मार्च २०२० च्या अखेरीस मुंबईत काही दिवस वृत्तपत्रे वाचकांपर्यंत पोहोचलीच नाहीत. एप्रिलमध्ये राज्य सरकारने घरोघरी वृत्तपत्र वाटण्यावर बंदी घातली. नंतर इतरत्र सूट मिळाली, पण मुंबई आणि पुणे महानगर क्षेत्रांत निर्बंध कायम राहिले. त्या वर्षीचा रमजान याच टाळेबंदीत आला. मशिदी बंद, नमाज घरात, बाजार बंद. नेमक्या त्या महिन्यात, जेव्हा उर्दू दैनिके सर्वात जास्त वाचली जातात, अंक हातात नव्हता.

मग पानांच्या पीडीएफ फायली व्हॉट्सअॅपवर फिरू लागल्या. परवानगीशिवाय अशा फायली वाटणे बेकायदा असल्याचे इंडियन न्यूजपेपर सोसायटीने तेव्हा स्पष्ट केले. तरी सवय लागली ती लागली. टाळेबंदी उठल्यावर सगळे वाचक कागदाकडे परतले नाहीत.

पुण्यात आणि मराठीत काय चित्र आहे?

पुण्याला उर्दू नवी नाही. कॅम्पातल्या आझम कॅम्पसमध्ये उर्दू माध्यमाची शाळा आहे. ती चालवणारी महाराष्ट्र कॉस्मोपॉलिटन एज्युकेशन सोसायटी १९४८ पासूनची. पण पुण्यात मुस्लिम समाजाविषयीच्या लेखनाचा एक वेगळा प्रवाह मराठीतून वाहिला. हमीद दलवाई यांनी २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. दलवाई स्वतः आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’त पत्रकार होते. मंडळाची ‘मुस्लिम सत्यशोधक पत्रिका’ तलाक, स्त्रियांचे हक्क, शिक्षण या विषयांवर मराठीत लिहीत राहिली. दुसरीकडे जमाअत-ए-इस्लामीशी जोडलेले ‘शोधन’ हे साप्ताहिकही मराठीतच निघते. दोघांचे विचार एकमेकांच्या विरुद्ध टोकांना आहेत, पण वाचक उर्दू लिपीत नाही, मराठीत आहे, हे दोघांनीही ओळखले. १९९० मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यामागेही हीच जाणीव होती.

खडकीसारख्या ठिकाणी हे जास्त जाणवते. १८१७ च्या लढाईनंतर वसलेली ही छावणी, १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना, मुंबई-पुणे रेल्वे आणि महामार्ग यांमुळे इथे मराठी, तमिळ, तेलुगू, उर्दू बोलणारी कुटुंबे शेजारी राहतात. मराठी किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेला मुलगा घरी दख्खनी बोलतो, पण आजोबांचे वर्तमानपत्र वाचू शकत नाही. त्याला भाषा कळते, पण लिपी येत नाही.

इथे ऑनलाइन माध्यमाने अनपेक्षित वाट उघडली आहे. तीच बातमी व्हिडीओत कानांनी कळते. उर्दू संस्था देवनागरीतही मजकूर देऊ शकतात. छापील अंकात दोन लिप्यांचे दोन अंक काढणे परवडत नव्हते. वेबसाइटवर ते शक्य आहे.

पण एक उणीव तशीच राहते. मुंबईहून चालणाऱ्या दैनिकात किंवा दिल्लीहून चालणाऱ्या वेबसाइटवर खडकी बाजारातला पाणीप्रश्न येत नाही. कँटोन्मेंटचा नागरी भाग महापालिकेत विलीन करण्याचा विषय घरपट्टीपासून शाळेपर्यंत सगळ्यांवर परिणाम करणारा आहे, पण त्याची उर्दू किंवा दख्खनीत समजावून सांगणारी बातमी कोण लिहिणार? स्थानिक बातमीदाराचा पगार निघेल इतके उत्पन्न ऑनलाइनमधून येत नाही, तोवर ही जागा व्हॉट्सअॅपवरचे निनावी संदेशच भरून काढतात.

कायदा काय सांगतो?

छापील नियतकालिकांसाठी १८६७ चा जुना कायदा होता. त्याची जागा प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ पीरिऑडिकल्स कायदा, २०२३ ने घेतली आणि तो १ मार्च २०२४ पासून लागू झाला. शीर्षकाची नोंदणी आता ऑनलाइन होते. पण हा कायदा छापील नियतकालिकांपुरता आहे. फक्त वेबसाइट चालवणाऱ्या वृत्तसंस्थेला त्याखाली वृत्तपत्र म्हणून नोंद मिळत नाही. त्यांच्यासाठी फेब्रुवारी २०२१ मधील माहिती तंत्रज्ञान नियम आहेत. त्यांत तक्रार निवारणाची तीन स्तरांची रचना सांगितली आहे. त्यातल्या आचारसंहितेशी संबंधित काही तरतुदींना मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली.

म्हणजे छापील अंक बंद करणारे वर्तमानपत्र नुसता कागद सोडत नाही, तर नोंदणीकृत वृत्तपत्र ही ओळखही सोडते. सरकारी जाहिराती, बातमीदाराचे अधिस्वीकृतिपत्र, टपालाचा सवलतीचा दर या गोष्टी त्या ओळखीशी बांधलेल्या असतात. म्हणूनच काही लहान पत्रे मोजक्या प्रती छापून छापील अंक नावापुरता जिवंत ठेवतात आणि खरा वाचक ऑनलाइन शोधतात.

जुने अंक कुठे राहणार?

सर्वात कमी चर्चा होते ती याची. १९५४ च्या कायद्यानुसार आणि १९५६ च्या दुरुस्तीनंतर, प्रत्येक प्रकाशकाने वृत्तपत्राच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली येथील ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवायच्या असतात. सगळे पाठवतातच असे नाही, पण निदान नियम आहे. छापील अंक बंद झाला की हा नियमही लागू राहत नाही. वेबसाइटचे भाडे भरले नाही तर दहा वर्षांचा मजकूर एका दिवसात नाहीसा होतो. इंटरनेट आर्काइव्हचे ‘वेबॅक मशीन’ जुनी पाने साठवते, पण प्रत्येक पान त्यात असतेच असे नाही.

उर्दूच्या बाबतीत तोटा दुहेरी आहे. कातिबांच्या काळातले अंक कागदावरच आहेत आणि तो कागद पिवळा पडून तुटतो आहे. त्यानंतरच्या काळातले बरेच अंक इनपेज फायलींत किंवा चित्रांत आहेत, जे शोधता येत नाहीत. १९९२-९३ च्या मुंबईतील दंगलींत कोणत्या मोहल्ल्यात काय घडले, कोणती शाळा कोणी उभी केली, कोणत्या गिरणी कामगाराने कोणता मुशायरा भरवला, याच्या बारीक नोंदी जिथे आहेत, ते हे अंक आहेत. उद्याच्या अभ्यासकाला मोठ्या इंग्रजी दैनिकाचे जुने अंक सहज मिळतील, या समाजाने स्वतःविषयी काय लिहिले ते मिळणार नाही. मग त्याचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिलेल्या बातम्यांवरूनच लिहिला जाईल.

काही प्रयत्न सुरू आहेत. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘रेख्ता’ने उर्दू पुस्तके आणि मासिके मोठ्या प्रमाणावर स्कॅन केली आहेत. मुंबईत अंजुमन-ए-इस्लामच्या करीमी ग्रंथालयात जुना उर्दू संग्रह आहे. पण पुस्तके आणि साहित्यिक मासिके आधी जपली जातात. दैनिक रद्दीत जाते, कारण ते रोजचे असते.

वाचकाने काय करावे?

पहिले, व्हॉट्सअॅपवर आलेल्या पानाच्या फोटोवर विश्वास ठेवण्याआधी ते वर्तमानपत्राच्या स्वतःच्या ई-पेपरवर उघडून पाहावे. जुन्या पानाची तारीख कापून नवी बातमी म्हणून फिरवणे फार सोपे असते. तारीख आणि पानाचा क्रमांक दिसत नसेल तर पुढे पाठवू नये.

दुसरे, आपल्या समाजाचे वर्तमानपत्र ऑनलाइन फुकट वाचता येते म्हणून ते फुकट निघते असे नाही. वर्गणीची सोय असेल तर ती भरणे आणि दुकानाची, क्लासची, लग्नाच्या हॉलची जाहिरात तिथे देणे, यावरच स्थानिक बातमीदार टिकतो.

तिसरे, घरातल्या माळ्यावर जुन्या उर्दू अंकांचे गठ्ठे असतील तर रद्दीवाल्याला देण्यापूर्वी जवळच्या उर्दू शाळेला, महाविद्यालयाला किंवा ग्रंथालयाला विचारावे. अंक नेणारे कोणी मिळाले नाही तर निदान पहिल्या पानाचा आणि स्थानिक बातम्यांच्या पानाचा तारखेसह फोटो काढून ठेवावा. ज्या काळात बातमी चित्र म्हणूनही इंटरनेटवर गेली नाही, त्या काळाची तीच एक प्रत असू शकते.